अळणी समुद्राच्या काठी

डुलुथला आलो त्या वर्षी मी सरोवराशी वाकून
बोट बुडवलं, चाखलं.
पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा फुटतात,
लोखंडाची माती भरलेली जहाजं भोंगे देतात,
आणि चव? काही नाही.
मीठ घालायला विसरलेला समुद्र.

म्हणून मग ही बादली. वीस किलो मीठ,
एइनो लाहतीच्या दुकानातलं.
आईला फोनवर सांगितलं. तिकडे शिरोड्यात पहाट.
"मीठ इकत घेतलंस? तू? मिठागरातल्या माणसाचा चेडू?"
मग जरा थांबून,
"आणि ते मासे कालवणाक पुरतले?"
दोनच आहेत गं. बोटाएवढे.

तेही एइनोने लगेच दिले नाहीत.
म्हातारा, कमी बोलणारा. म्हणाला, आधी पाणी तयार होऊ दे.
"मुरू द्यायचंय," घरी येऊन मी मोरेश्वरला सांगितलं,
"लोणच्यासारखं."
सहा आठवडे रिकाम्या काचेसमोर
आम्ही थेंब मोजत बसलो.
अमोनिया हिरवा, हिरवा, नायट्राइट जांभळं,
आणि एका सकाळी अमोनियाची नळी
लिंबाच्या सालीसारखी पिवळी. म्हणजे शून्य.
शून्याचा इतका आनंद मला शाळेतही कधी झाला नव्हता.

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे,
कुणी ओल्या चुन्याची बोटं ओढावीत तसे.
जन्म विस्कॉन्सिनातल्या एका शेडमधला.
आईबाप तिथलेच, आजेही.
समुद्र त्यांच्या कुळात कुणी पाहिलेला नाही,
तरी पोहतात ते असे डुलत,
जशी एक लाट नुकतीच अंगावरून गेली.

ॲनिमोन मागितलं तर एइनो म्हणाला, वर्षभराने या.
मग मी दिवाळीतली एक कोरी पणती
वाळूत उपडी ठेवली, कड थोडी उचलून.
तिसऱ्या रात्री दोघं तिला टेकून झोपली.

मोठी ती बाई. जन्मतात सगळे नरच,
त्यांतला जो वाढतो तो बाई होतो.
धाकटा तिच्यासमोर येऊन
अंगभर थरथरतो. म्हणजे, तुझं खरं.
"शिका काहीतरी," मी म्हटलं.
मोरेश्वर हसला नाही.
त्या हिवाळ्यात आम्ही फक्त पाण्याबद्दल बोलायचो.
खारेपणा? एक पूर्णांक शून्य पंचवीस.
ऊब? अठ्ठ्याहत्तर.
बरं.

जानेवारीत वादळ आलं आणि वीज गेली.
पंप थांबला. टाकीतला तो सततचा खळखळाट थांबला,
तेव्हा कळलं, आपण किती दिवस त्याच्या आडोशाने गप्प होतो.
मी टाकीला रजया गुंडाळल्या, सगळ्या,
आमची पांघरूणंसुद्धा.
एइनोने सांगून ठेवलं होतं: पेल्याने पाणी उचला,
उंचावरून ओता, म्हणजे हवा मिसळते.
आळीपाळीने. वीस पेले तो, वीस मी.
मेणबत्ती. अंगात कोट. हात मनगटापर्यंत खारट,
फुटलेल्या कातडीला झोंबणारे.

तीनच्या सुमारास, त्याची पाळी असताना, तो म्हणाला,
"तुझे बाबा गेले तेव्हा
मी तुला जाऊ द्यायला हवं होतं.
तिकिटाचे पैसे होते."

पेला त्याच्या हातात अर्धा.
मी तो घेतला, भरला, उंच धरला, ओतला.
"होते," मी म्हटलं.
पुढचे पेले कुणीच मोजले नाहीत.

सकाळी वीज आली. पंप खोकला, मग चालू झाला.
पणतीशी दोघं, कल्ले हलताहेत.
पाणी मात्र बोटभर उतरलेलं,
अर्धं जमिनीवर, अर्धं हवेत.
जमीन पुसली, तेवढं मिठाचं पाणी मोजून परत घातलं.
तरी रेघेपर्यंत पोचायला थोडं कमी.
तो पुन्हा त्याच बादलीकडे वळला.

"नको, आता साधं," मी म्हटलं. "उडून जातं ते पाणीच.
मीठ कुठे जात नाही."

तो क्षणभर उभा राहिला, ओले हात तसेच.
मग स्वयंपाकघरातून
जगभर अळणी पाणी घेऊन आला
आणि ओतताना मला विचारलं,
"एवढं पुरे?"